गजेंद्र घरी परतला नाही



आजचं चिंतन श्रीमद्भागवताच्या आठव्या स्कंधातलं, अध्याय २ ते ४. म्हणजे आपला गजेंद्रमोक्ष.

कथा सगळ्यांना माहीत आहे, तरी थोडक्यात उजळणी करू. त्रिकूट पर्वतावर एक सरोवर आहे. उन्हाने तापलेला हत्तींचा कळप पाण्यात उतरतो. गजेंद्र सोंडेत पाणी घेऊन हत्तिणींना, पिल्लांना आंघोळ घालतोय. संसार अगदी मजेत चाललाय, आणि तेवढ्यात मगर पाय धरते. बाकीचे हत्ती ओढून बघतात, जमत नाही. भागवत म्हणतं, ही झुंज हजार वर्षं चालली. मगरीचा जोर वाढत गेला कारण पाणी तिचं घर. हत्तीचा जोर ओसरत गेला. शेवटी त्याने सोंडेत कमळ उंच धरून नारायणाला हाक मारली. भगवान आले, दोघांना पाण्याबाहेर काढलं आणि चक्राने मगरीचा जबडा फाडला.

'हाक मारली, देव आला' एवढं घेऊन आपण पोथी मिटतो. पण चौथा अध्याय अजून बाकी असतो. तो मला नीट कळला तो मे महिन्यात, भंडारदऱ्याला.

आई, बायको, मी आणि आमची सात वर्षांची लेक असे चौघं दोन दिवस तिकडे गेलो होतो. बाबा पौषात गेले, त्यानंतर आई घराबाहेर पडलीच नव्हती. उन्हाळ्यात धरणाचं पाणी बरंच मागे सरकतं, काठाची तांबूस माती उघडी पडते. आजी आणि नात सकाळपासून तिथेच. करवंदांचा द्रोण मध्ये, दोघींचे पाय पाण्यात. मी चार हात मागे झाडाखाली मोबाइल बंद करून बसलो होतो.

नातीने विचारलं, "आजी, इथे मगर आहे?" झालं, गजेंद्राची गोष्ट सुरू. आईने ती थेट अगस्ती ऋषींपासून काढली. गजेंद्र आदल्या जन्मी इंद्रद्युम्न नावाचा राजा होता आणि अगस्तींच्या शापाने हत्ती झाला. याच प्रवरेच्या काठी, खाली अकोल्याला, अगस्तींचा आश्रम आहे. आम्ही येताना तिथे दर्शन घेतलं होतं, त्यामुळे पोरीला ऋषी अगदी ओळखीचे वाटले.

गोष्ट संपली. ती जरा वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "आजोबा दवाखान्यात होते ना, तेव्हा मी रोज रामरक्षा म्हणत होते. तू पण जप करत होतीस. मग देव का नाही आला?"

खरं सांगतो, माझ्याकडे उत्तर नव्हतं. बाबा शेवटचे नऊ दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि हाच प्रश्न मी मनातल्या मनात रोज विचारत होतो.

आईने घाई केली नाही. म्हणाली, "बाळा, मगरीने सोडल्यावर हत्ती कुठे गेला?"

"घरी."

"नाही गं. तो घरी नाही गेला. त्याचं हत्तीचं अंग सुटलं, आणि देव त्याला आपल्याबरोबर घेऊन गेला."

"मग काठावरचे बाकीचे हत्ती?"

"ते राहिले काठावर. रडले असतील. मग पिल्लांना पाणी पाजलं असेल आणि गेले असतील रानात. काय करणार?"

पोरीने आजीकडे बघितलं. "म्हणजे तू काठावरची हत्तीण."

आई हसली, डोळे पुसले. "हो. आणि तू माझं पिल्लू. खा करवंदं."

मंडळी, त्या रात्री मी तिसरा आणि चौथा अध्याय पुन्हा काढून वाचला. आई म्हणाली तसंच आहे. गजेंद्राला भगवंताचं रूप मिळतं आणि तो पार्षद होऊन त्यांच्याबरोबर जातो. मगरही सुटते, ती मुळात शापित गंधर्व असते. म्हणजे ज्याला आपण सुटका म्हणतो, ती कळपाच्या जागेवरून बघितली तर चक्क मृत्यू आहे. घटना एकच, फक्त बघणारा काठावर आहे की पाण्यात, एवढाच फरक.

आणि गजेंद्राची मागणी बघा. मला जगव, पुन्हा कळपात सोड, असं तो म्हणत नाही. हत्तीच्या या देहात राहून काय करू, माझ्यावरचं अज्ञानाचं आवरण काढ, असं तो मागतो. हाक सुरू होते पाय सुटावा म्हणून, आणि स्तुती करता करता मागणंच बदलतं. प्रार्थनेने परिस्थिती बदलते की नाही यावर आपण वाद घालतो. ती मागणाऱ्याला बदलते, हे मात्र इथे लख्ख दिसतं.

म्हणजे औषधपाणी सोडायचं का? अजिबात नाही. गजेंद्रही आधी सगळी ताकद लावून लढलाच. आपल्या माणसासाठी आयुष्य मागणंही चूक नाही, पोरीची रामरक्षा खरीच होती. फक्त माणूस गेला म्हणजे देव आलाच नाही, हा हिशोब कथेला मान्य नाही.

आणखी एक. गजेंद्राने म्हटलेलं स्तोत्र त्याला ऐनवेळी सुचलेलं नव्हतं. ते पूर्वजन्मी शिकलेलं होतं, संकटात वर आलं. आपल्या आयटीच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर बसल्यावर कोणी बॅकअप घ्यायला बसत नाही, तो आधीच घेतलेला असावा लागतो. बाबांनी चाळीस वर्षं रोज संध्याकाळी हरिपाठ म्हटला. शेवटी त्यांना बोलता येत नव्हतं. आत काय चाललं होतं ते मला बाहेरून दिसणार नव्हतं. पण चाळीस वर्षांचं ते कुठे पुसलं जाणार?

हीच प्रवरा भंडारदऱ्याहून पुढे नेवाशाला जाते. तिथे शके १२१२ मध्ये माउलींनी ज्ञानेश्वरी सांगितली. ज्या कुटुंबाने आईवडिलांना इतक्या लवकर गमावलं, त्यातलाच तो मुलगा. काठावर उरलेल्यांनी काय करायचं, याचं याहून मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

आजचा अभ्यास: तुमचं कोणी गेलं असेल, तर आज दिवा लावताना 'का नेलंस' हा प्रश्न दाबू नका, देवापुढे मोकळेपणाने विचारा. मग चौथा अध्याय वाचा. आणि घरात जे पिल्लू असेल त्याला शेजारी बसवून एक गोष्ट सांगा. काठावरच्यांचं काम तेच आहे.

राम कृष्ण हरी!