गांजा, दारू आणि तुलनेचा तराजू

‘दारूची दुकाने सरकारी परवान्याने चालतात, सिगारेट प्रत्येक पानपट्टीवर मिळते, मग बंदी गांजालाच का?’ आपल्या घरातील महाविद्यालयीन मुलेही आता हा प्रश्न विचारू लागली आहेत. ‘तोबा, तोबा’ म्हणून त्यांना गप्प बसविणे सोपे आहे, परंतु त्यांच्या प्रश्नात तथ्य नाही असे म्हणता येत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या आकडेवारीनुसार तंबाखूमुळे दरवर्षी ७० लाखांहून अधिक माणसे मरतात आणि २०१९ या एका वर्षात दारूमुळे सुमारे २६ लाख मृत्यू झाले. गांजाच्या नावावर असा आकडा नाही. आपला कायदाही सुसंगत नाही. १९८५ च्या अमली पदार्थविषयक कायद्याने झाडाचा फुलोरा म्हणजे गांजा आणि राळ म्हणजे चरस यांना गुन्ह्याच्या कक्षेत आणले, नुसती पाने मात्र वगळली. म्हणून त्याच झाडाची भांग काही राज्यांत परवानाधारक दुकानांत उघड विकली जाते.

ही विसंगती मान्य करावी. पण तिच्यातून सिद्ध काय होते? दारूला मोकळीक देणे चुकीचे आहे, एवढेच. एका कॉपी करणाऱ्या विद्यार्थ्याला पर्यवेक्षकाने सोडले, म्हणून बाकीच्यांनाही पुस्तके उघडू द्यावीत, असे कोणी म्हणत नाही.

या संदर्भात सूरह अल्-बकराची २१९ वी आयत लक्षपूर्वक वाचण्यासारखी आहे. दारू आणि जुगार यांत लोकांसाठी काही लाभ असल्याचे कुरआन नाकारत नाही; त्यांचा अपराध त्यांच्या लाभापेक्षा मोठा आहे, असे सांगते. म्हणजे गांजाने वेदना कमी होतात, कर मिळतो, शेतकऱ्याला उत्पन्न होते, हे मुद्दे इस्लामी विचाराला नवे नाहीत. येथे वस्तूचा अपाय तिच्याच लाभाशी तोलला आहे. दुसऱ्या पारड्यात तिच्याहून घातक वस्तू ठेवलेली नाही. तशी ठेवली तर जगातील कोणतीही वाईट गोष्ट हलकीच भरेल.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी नशा आणणारी प्रत्येक वस्तू खम्रमध्ये गणली आणि जिचे अधिक प्रमाण नशा आणते तिचे थोडेही हराम ठरविले. हजरत उमर (रजि.) यांनी तर बुद्धीला झाकते ते खम्र, अशी व्याख्याच केली. त्यामुळे पुढे मुस्लिम देशांत हशीश पसरली तेव्हा ती द्राक्षांपासून बनत नाही, ही सबब इमाम इब्ने तैमिया यांच्यासारख्या विद्वानांनी स्वीकारली नाही. बुद्धीचे रक्षण हे शरीअतच्या पाच मूलभूत उद्दिष्टांपैकी एक आहे. नमाज, करार, साक्ष, निकाह या सर्वांची जबाबदारी शुद्धीवर असलेल्या माणसावरच येते. औषधाचा प्रश्न वेगळा आहे. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर या झाडातील एका नशा न आणणाऱ्या घटकाचे औषध अमेरिकेत २०१८ पासून मान्यताप्राप्त आहे. त्याला आणि मौजेसाठी ओढलेल्या चिलमीला एकच न्याय लावू नये.

बंदीने काळा बाजार वाढतो, या युक्तिवादात मात्र वजन आहे. चंद्रपूर जिल्ह्यात २०१५ साली लागू झालेली दारूबंदी २०२१ मध्ये उठविताना अवैध दारूचेच कारण पुढे आले होते. पण खुल्या बाजाराचा अनुभवही पाहावा. थायलंडने २०२२ मध्ये गांजा अमली पदार्थांच्या यादीतून काढला, हजारो दुकाने उघडली, आणि २०२५ मध्ये तो पुन्हा डॉक्टरांच्या चिठ्ठीपुरता मर्यादित करावा लागला. एकदा दुकान उघडले की त्याला गिऱ्हाईक वाढविणे भाग असते, आणि नवे गिऱ्हाईक बहुधा तरुणच असते.

आपल्याच दारात थोडे थांबले पाहिजे. गांजा ओढणाऱ्या मुलावर संतापणाऱ्या वडिलांच्या खिशात अनेकदा गुटख्याची पुडी असते. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. तरी ती पुडी मिळते, आणि मोहल्ल्यात कोणाला त्याचे काही वाटत नाही. त्या मुलाचा ‘मग हे कसे चालते?’ हा प्रश्न सरकारला उद्देशून नसतो.

एखादी वस्तू हराम आहे, यावरून तिच्या आहारी गेलेला माणूस टाकून द्यावा असा निष्कर्ष निघत नाही. सहीह बुखारीत एका व्यक्तीचा प्रसंग आहे. मद्यपानासाठी त्याला वारंवार शिक्षा झाली. कोणीतरी त्याला शाप दिला, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्याला रोखले आणि हा माणूस अल्लाह व त्याच्या प्रेषितावर प्रेम करतो, अशी ग्वाही दिली. शिक्षा रद्द झाली नाही, पण त्याचे समाजातील स्थानही गेले नाही. आपल्याकडे मुलगा व्यसनात सापडला की बदनामीच्या भीतीने घर दार लावून घेते. बहिणीचे स्थळ मोडेल म्हणून डॉक्टरकडे नेत नाही. त्याच १९८५ च्या कायद्यातील ६४-अ कलमान्वये, केवळ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणाचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारमान्य केंद्रात उपचार घेऊ लागली आणि तिने ते पूर्ण केले, तर तिला खटल्यापासून संरक्षण मिळू शकते. जुम्याच्या खुतब्यात गांजा हराम असल्याचे आपण अनेकदा ऐकतो. त्याच मिंबरवरून या कलमाची आणि जवळच्या व्यसनमुक्ती केंद्राच्या पत्त्याची माहितीही देता येईल.