दंडाचा अधिकार

मारा, झोडा, पण पोराला शहाणे करा, असे बजावून मुलाला मास्तरांच्या हवाली करणारा बाप जालना जिल्ह्याच्या खेड्यापाड्यांतून अगदीच नाहीसा झालेला नाही. परंतु हातावर वळ दिसताच शिक्षण खात्याकडे अर्ज गुदरणारा बापही आता त्याच गावात राहतो, आणि या दोघांच्या मध्ये शिक्षक विवंचनेत उभा असतो. कोणी याला धर्मलोप म्हणतात, कोणी सुधारणा. मूळ प्रश्न मात्र दोघेही टाळतात. दुसऱ्याच्या कल्याणासाठी त्याला क्लेश देण्याचा अधिकार मनुष्याला मिळतो तरी कोठून?

परंपरेचा हवाला देणारे गीतेच्या दहाव्या अध्यायाकडे बोट दाखवितात, कारण तेथे भगवंतांनी दंडाची गणना आपल्या विभूतींत केली आहे. परंतु शिष्याच्या बाबतीत तीच परंपरा कमालीची सावध आहे. गौतम धर्मसूत्राची आज्ञा अशी की, शिष्याला ताडनावाचून वळण लावावे. ते न साधल्यासच बारीक दोरी वा वेळूची कांब वापरावी. आणि अन्य साधनाने मारणाऱ्या गुरूला राजाने शासन करावे. म्हणजे छडीची मुभा मिळाली ती गुरूच्या असामर्थ्यापोटी, आणि तिच्यावरही राजाचा अंमल होता. २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याच्या सतराव्या कलमाने शारीरिक शिक्षा व मानसिक छळ यांस मनाई केली, तेव्हा एवढी मुभाच काढून घेतली गेली. त्या कायद्यातील बालक मात्र सहा ते चौदा वर्षांचे आहे. म्हणून नववी-दहावीच्या वर्गात, जेथे अभिमान आणि बंडखोरी एकदमच जागी होतात, तेथे कायद्याच्या अक्षरापेक्षा शिक्षकाच्या विवेकावरच अधिक भार पडतो.

आज्ञापालन हीच शिस्त मानावी, तर हा जिल्हा ज्या निजामी मुलखात होता त्याचा इतिहास आड येतो. १९३८ मध्ये मनाई असताना वंदे मातरम् गाणाऱ्या विद्यार्थ्यांना उस्मानिया विद्यापीठाने काढून टाकले आणि नागपूर विद्यापीठाने त्यांना प्रवेश दिला. सरकारदप्तरी शिस्तभंग ठरलेल्या त्या कृतीस लागणारा आत्मसंयम कोणत्याही छडीने शिकविलेला नव्हता.

तथापि छडी टाकली की कर्तव्य संपले, असे समजणाऱ्यांना याच जिल्ह्यातील जांबेस जन्मलेल्या समर्थ रामदासांनी दासबोधात उत्तर देऊन ठेवले आहे. जो शिष्याकडून साधना करवीत नाही आणि त्याला इंद्रियनिग्रहाचे वळण लावीत नाही, असा गुरू कितीही स्वस्त मिळाला तरी टाकावा, असे ते निःसंकोच सांगतात. परीक्षेत कॉपी चालली असता खिडकीबाहेर पाहणारा शिक्षक मुलाला मारीत नाही, हे खरे. पण तो त्याला वाऱ्यावर सोडतो, आणि हे सोडणे मारण्याहून सौम्य आहे असे म्हणण्याचे धैर्य मला होत नाही. उलट, वेळेचा नियम मुलांना लावण्याआधी स्वतः घंटेपूर्वी वर्गात हजर होणारा, आणि चुकलेल्या मुलाला शाळा सुटल्यावर जवळ बसवून तेच गणित पुन्हा करवून घेणारा शिक्षक त्याला क्लेश देतोच. परंतु त्या क्लेशाचा अर्धा वाटा तो स्वतः उचलतो, आणि दंडाचा अधिकार कोठून येत असलाच, तर तो या वाटेकरीपणातून येतो.