सुई आणि माळ

सज्जनहो, कीर्तनात आधी शंका मांडावी आणि मग तिचे समाधान करावे, अशी आपली रीत आहे. आज मांडतो ती शंका माझ्याच घरातली आहे. माणसाला एखाद्या कामाचा छंद असेल, त्यात त्याचा जीव रमत असेल, तर ते काम परमार्थाच्या आड येते, की तेच परमार्थ होते? पन्नास वर्षांपूर्वी या प्रश्नाचे उत्तर मी माझ्या आजीला फार घाईने देऊन बसलो.

आमचे गाव नीरा नदीच्या अलीकडे, माउलींच्या पालखीच्या वाटेवर. आजी माळकरी. एकादशी कधी मोडली नाही. अक्षरओळख नव्हती, पण हरिपाठ तोंडपाठ होता. आणि तिला गोधड्या शिवण्याचा भारी नाद. जुनी लुगडी बोहारणीला द्यावीत आणि भांडे घ्यावे, ही गावातल्या बायकांची पद्धत. आजीने बोहारणीला कधी चिंधीसुद्धा दिली नाही. दुपारची कामे उरकली की सारवलेल्या ओसरीवर ती लुगड्या-धोतरांचे थर अंथरायची, वर खणांचे तुकडे मांडायची आणि त्यावरच बसून कडेने टाके घालू लागायची. कडेकडेने एक फेरा, त्याच्या आत दुसरा, असे करत मधोमध. शिवताना तिचे ओठ हलत असत. कोणी भुकेला दारात आला की सुई कापडात टोचून ती लगेच उठायची. वर्षाला दोन-तीन गोधड्या होत. त्यातली एक आषाढात, ओसरीवर उतरलेल्या दिंडीतल्या एखाद्या म्हातारीच्या खांद्यावर जायची. आजी त्या बाईचे नावही विचारत नसे.

१९६९ साली मी आळंदीला वारकरी शिक्षण संस्थेत दाखल झालो. जोग महाराजांनी १९१७ साली लावलेल्या या झाडाच्या सावलीत माझ्यासारखी कितीतरी खेड्यातली पोरे शिकली. संस्थेने मला विद्या दिली. ती पचायच्या आधीच मी वाटायला निघालो, हा दोष माझा. दुसऱ्या वर्षी माघात घरी आलो, तेव्हा आजी गोधडीवर वाकून बसलेली. मी तिला भागवतातल्या भरतराजाची कथा सांगितली. राज्य टाकून वनात गेलेला एवढा मोठा राजा, हरिणाच्या पाडसात गुंतला आणि पुढच्या जन्मी हरीण झाला. मग म्हणालो, "आजी, तुझं हरीण ही गोधडी आहे. आता वय झालं. सुई सोड, माळ धर."

आजी माझ्याकडे बघत राहिली. वाद घातला नाही. आळंदीला शिकणारा नातू बोलतो म्हणजे शास्त्रच बोलते, असे तिला वाटले असणार. अर्धी शिवलेली गोधडी तिने घडी करून फडताळात ठेवली.

त्या आषाढात मी पालखीबरोबर चालत होतो. आमच्या ओसरीवर दिंडी उतरली. पाऊस होता. एक म्हातारी कुडकुडत भिंतीला टेकली होती. देण्यासाठी नवी गोधडी नव्हती. आजीने आपल्या अंथरुणावरची काढून तिला दिली आणि रात्रभर स्वतः पोत्यावर निजली. मी हे पाहिले, आणि आजीची विरक्ती वाढली म्हणून मनात खूश झालो! पुढे एकदा मात्र ती सहज बोलून गेली, "माळ मेरूपाशी आली की मागं फिरते रे. गोधडीचा दोरा फिरत फिरत आत जातो." मला वाटले, म्हातारीला मेरूचा अर्थ कळला नाही.

काही वर्षांनी मी कीर्तने करू लागलो. एका सप्ताहात जनाबाईंची कथा लावली होती. देव रात्री जनीबरोबर दळायला बसला, गाणी गायला, आणि पहाटे घाईने निघताना आपले पदक विसरून जनीची वाकळ पांघरून देवळात गेला. ही कथा आपण सारेच सांगतो. त्या दिवशी "वाकळ" हा शब्द तोंडातून निघाला आणि मी अडखळलो. टाळकऱ्यांना वाटले, घसा बसला. देवाने जनीला जाते सोडायला सांगितले नव्हते. त्याने जात्याचा खुंटा धरला. सावतोबांचा मळा कोणी बंद केला नाही. नामदेवराय तर शिंप्याच्याच घरचे. आणि मी शिवणाऱ्या हातातली सुई काढून घेतली होती.

सप्ताह संपताच घरी गेलो. फडताळातली गोधडी काढून आजीपुढे ठेवली आणि म्हणालो, "आजी, माझं चुकलं." तिने कापडावरून हात फिरवला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. म्हणाली, "आता टाका दिसत नाही बाबा. पण दोरा ओवून दे." मी ओवून दिला. चाचपत चाचपत तिने हातभर शिवले. टाके वाकडे पडले. त्यापुढे ती गोधडी झाली नाही. त्याच हिवाळ्यात आजी गेली.

तरीही शंका पुरती फिटली नव्हती. ती फिटली तीन वर्षांपूर्वी. दम लागू लागला, तेव्हा डॉक्टरांनी कीर्तन बंद करायला सांगितले. गावातला एक तरुण कीर्तनकार पाया पडला आणि प्रेमाने म्हणाला, "बुवा, आता निवांत बसा, माळ ओढा." बोल माझेच होते, माझ्याकडेच परत आले होते. मला त्याचा राग आला. कित्येक दिवस अन्न गोड लागेना. शेजारच्या गावात सप्ताहाचा मृदंग वाजला की मी दार लावून घ्यायचो. माझ्या जागी कोण उभा असेल, लोक डोलत असतील का, हेच मनात.

तेव्हा कळले. आजीचा छंद सुटला, तेव्हा तिने आपले पांघरूण दुसरीला दिले. माझा सुटला, तेव्हा मी दार लावले. सुई तिला बांधून ठेवत नव्हती, म्हणून एका शब्दात तिने ती ठेवली. ज्या कीर्तनाला मी पन्नास वर्षे भजन म्हणालो, त्यात मी बांधलेला होतो. हरीण माझ्या घरी होते आणि मी ते आजीच्या ओसरीवर शोधत होतो.

कोणी विचारील, मग दिवसभर दुकानात बसून "हेच माझे भजन" म्हणणाऱ्याचे काय? नाम हाच सिद्धांत, त्यात तडजोड नाही. पण ज्याने त्याने आपल्या कामाला दोन गोष्टी विचाराव्यात. दारात भुकेला आला तर यातून उठता येते का? आणि झालेले काम मागे वळून न पाहता देता येते का? आजीला दोन्ही येत होते. दुसऱ्याच्या हातातले साधन काढून घेण्याआधी मात्र आपला हात तपासावा. माझ्या एका वाक्याने पालखीच्या वाटेवरच्या कितीतरी म्हाताऱ्यांच्या गोधड्या राहून गेल्या. त्यांचा हिशेब माझ्या नावावर आहे.

ती अर्धी गोधडी माझ्याकडे आहे. यंदा पावसाआधी सुनेकडून सुई मागून घेतली. दोरा मला ओवता येत नाही, नात ओवून देते. मधला भाग शिवायचा राहिला आहे. माझेही टाके वाकडेच पडतात. पालखी येईपर्यंत झाली, तर ओसरीवर जी म्हातारी उतरेल तिला देईन. नाव विचारणार नाही.

रामकृष्णहरी.