खर्चण्यापुरता पैसा

जुन्या पेढ्यांच्या कीर्दीत एखाद्याच्या खात्यावर रक्कम जमा झाली, म्हणजे ती त्याची झाली. तो ती उद्या मागेल, वर्षाने मागेल किंवा नातवंडांसाठी तशीच राहू देईल. पेढीवाल्याने त्याला कारण विचारण्याचा प्रश्न नव्हता. इंग्रजीतील ‘क्रेडिट’ हा शब्द विश्वास ठेवणे या अर्थाच्या लॅटिन क्रियापदापासून आला आहे आणि आपल्याकडील ‘पत’ या शब्दातही तोच भाव आहे. ज्याची रक्कम त्याची इच्छा, हा त्या विश्वासाचा गाभा. परंतु अलीकडे जमा रकमेचा एक असा प्रकार रूढ झाला आहे, की ती रक्कम आपली आहे की नाही, याचे उत्तर सहज देता येत नाही. मोठ्या प्रवासी जहाजांवर, म्हणजे क्रूझवर, प्रवाशाला मिळणारे ‘ऑनबोर्ड क्रेडिट’ हा तो प्रकार होय.

विषय प्रथमदर्शनी क्षुल्लक वाटेल. आपल्या मंडळींपैकी अनेकांची मुले अमेरिकेत स्थिरावली आहेत. आईवडील तिकडे गेले, की मायामी किंवा फोर्ट लॉडरडेलहून निघणाऱ्या जहाजावर त्यांना आठवडाभर धाडण्याची हौसही आता नवी राहिलेली नाही. त्या तिकिटासोबत शंभर डॉलर ‘फुकट’ मिळाले, तर त्यात तत्त्वचिंतनासारखे काय आहे? आम्हांस वाटते, पुष्कळ आहे. पैसा म्हणजे काय, देणगी म्हणजे काय आणि ‘नको’ म्हणण्याची किंमत कोणी ठरवायची, हे तीन जुने प्रश्न या शंभर डॉलरांत एकत्र आले आहेत.

आधी व्यवहार नीट समजून घेऊ. या जहाजांवर रोख पैसा चालत नाही. प्रवासी चढला, की त्याच्या नावाचे एक खाते उघडते आणि त्याला आपले बँकेचे कार्ड जोडावे लागते किंवा काही रक्कम अनामत ठेवावी लागते. खोलीचे दार उघडणारे कार्डच दुकानात, मद्यालयात, केशकर्तनालयात दाखवायचे; रक्कम खात्यावर चढते. राहणे, मुख्य भोजनगृहातील जेवण आणि करमणुकीचे बहुतेक कार्यक्रम भाड्यात येतात. पेये, निवडक उपाहारगृहे, मालिश, इंटरनेट, छायाचित्रे आणि बंदरावर उतरून केलेल्या सहली यांचे पैसे वेगळे. ऑनबोर्ड क्रेडिट म्हणजे या खात्यावर आगाऊ जमा केलेली रक्कम. ती बहुधा माणशी नसून खोलीमागे असते. जो खर्च होईल तो आधी तीतून वळता होतो. ती संपली, की प्रवाशाचे स्वतःचे कार्ड.

ही रक्कम देणारे अनेक असतात. कधी कंपनी आरक्षण लवकर व्हावे म्हणून देते, कधी तिकीट काढून देणारा एजंट आपल्या दलालीतून देतो, कधी नातेवाईक भेट म्हणून विकत घेऊन देतात. ठरलेले बंदर रद्द झाल्यास भरपाई म्हणूनही ती मिळते. कार्निव्हल कंपनीने आपल्या किमान शंभर शेअर्सच्या धारकांना वर्षानुवर्षे हा लाभ दिला आहे: सहा दिवसांपर्यंतच्या प्रवासाला ५० डॉलर, सात ते तेरा दिवसांच्या प्रवासाला १०० आणि चौदा किंवा अधिक दिवसांच्या प्रवासाला २५०. या साऱ्यांत एक भेद मात्र कळीचा आहे. काही क्रेडिट परत मिळण्याजोगे असते. उरलेली रक्कम शेवटी प्रवाशाच्या हाती येते. पण कंपनीने सवलतीदाखल दिलेले क्रेडिट बहुधा परत न मिळणारे असते. ते त्याच जहाजावर, त्याच प्रवासात आणि ठरलेल्याच गोष्टींवर खर्च करावे लागते. कॅसिनोत ते सहसा चालत नाही. प्रवासाच्या अखेरच्या रात्री हिशेब बंद होतो आणि उरलेली रक्कम नाहीशी होते.

या दुसऱ्या प्रकाराविषयीच आम्हांस बोलायचे आहे.

कंपनी हे का करते, हे समजणे अवघड नाही. शंभर डॉलर भाडे कमी केले, तर तिचे शंभर डॉलर बुडतात आणि जाहीर भावही उतरतो. शंभर डॉलरचे क्रेडिट दिले, तर तिला तेवढ्या मोलाचा माल किंवा सेवा द्यावी लागते आणि पेल्यातल्या पेयाचा तिला पडणारा खर्च त्याच्या छापील भावाच्या मानाने फारच थोडा असतो. शिवाय पुष्कळ कंपन्या एजंटांना जाहिरातीत भाडे उतरवून दाखवू देत नाहीत. तेव्हा गिऱ्हाइकाला आकर्षित करण्यास एजंटाजवळही हाच मार्ग उरतो. जहाजावरील खर्च ही कंपन्यांची किरकोळ मिळकत नव्हे. २०२४ साली कार्निव्हलच्या सुमारे २५ अब्ज डॉलर उत्पन्नापैकी साडेआठ अब्ज, म्हणजे तिसरा हिस्सा, तिकिटांखेरीजचा होता.

आता समजा, शंभर डॉलर क्रेडिट आहे आणि एका पेयाची किंमत चौदा डॉलर आहे. त्यावर अठरा टक्के सेवाशुल्क आपोआप लागते, म्हणजे पेला १६ डॉलर ५२ सेंटांना पडतो. सहा पेल्यांचे ९९ डॉलर १२ सेंट झाले. उरले ८८ सेंट. ते वाया जाऊ नयेत म्हणून सातवा पेला मागवला, तर १५ डॉलर ६४ सेंट स्वतःच्या खिशातून गेले. घरी असता ज्याने एकही पेला मागवला नसता, त्याने सात मागवले, आणि त्यातला शेवटचा तर केवळ उरलेले ८८ सेंट वाचवण्यासाठी!

या वागण्याचा अभ्यास अर्थशास्त्रज्ञांनी केला आहे. रिचर्ड थेलर यांनी १९८५ सालच्या एका प्रबंधात दाखवले, की माणूस आपला पैसा मनातल्या मनात निरनिराळ्या खात्यांत विभागतो आणि एका खात्यातला रुपया दुसऱ्या खात्यातल्या रुपयासारखा वापरत नाही. १९९० साली त्यांनी एरिक जॉन्सन यांच्यासह असे मांडले, की अनायासे हाती आलेल्या पैशाने माणूस अधिक धाडसी होतो. थेलर यांना २०१७ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्या आज्या दूधवाल्याचे पैसे एका डब्यात आणि सणाचे दुसऱ्या डब्यात ठेवत, तेव्हा त्या हेच करीत होत्या. फरक इतकाच, की त्यांचे डबे त्यांनी स्वतः, काटकसरीसाठी मांडले होते. इथे डबा दुसऱ्याने मांडला आहे, आणि तो रिकामा व्हावा हाच त्याचा हेतू आहे.

यात फसवणूक आहे काय? आमच्या मते नाही. अटी लिहिलेल्या असतात, प्रवासी सज्ञान असतो आणि कोणी त्याच्या हाताला धरून पेला पाजत नाही. उन्हाळ्यातल्या सवलतीच्या विक्रीत आपण जे करतो त्याहून हे फार निराळे नाही, असे कोणी म्हणाल्यास ते खोडून काढणे कठीण. परंतु फसवणूक नाही म्हणजे दोष नाही, असे होत नाही.

पैशाचे सामर्थ्य कशात आहे, याचा विचार करावा. पैशाने वस्तू घेता येते हे त्याचे अर्धे सामर्थ्य. न घेताही तो पैसाच राहतो, हे दुसरे अर्धे. ज्याच्या गाठी शंभर रुपये आहेत तो बाजारातून रिकाम्या हाताने परत येऊ शकतो आणि तरीही त्याचे काही गेलेले नसते. ‘नको’ आणि ‘पुरे’ हे दोन शब्द त्याला फुकट उच्चारता येतात. परत न मिळणाऱ्या क्रेडिटातून नेमके हेच काढून घेतलेले असते. तिथे ‘नको’ म्हटले, की तोटा झाल्यासारखे वाटते. तृप्ती ही एरवी लाभाची अवस्था; इथे ती नुकसानीच्या रकान्यात लिहिली जाते.

मालकाच्या मर्जीनेच खर्चता येणाऱ्या पैशाचा इतिहास जुना आणि याहून पुष्कळ कठोर आहे. वेस्ट व्हर्जिनिया आणि केंटकीच्या कोळसाखाणींत मजुरांना कंपनीने पाडलेली नाणी किंवा चिठ्ठ्या मिळत. त्या कंपनीच्याच दुकानात चालत. इंग्लंडमध्ये अशा वेतनाविरुद्ध १८३१ साली कायदा झाला आणि आपल्याकडे १९३६च्या वेतन अदायगी कायद्याने मजुरी चलनी नाण्यांत वा नोटांत देणे बंधनकारक केले. खाणमजुराला दुसरा मार्ग नव्हता, क्रूझचा प्रवासी हौसेने आलेला असतो. दोघांना एका मापाने मोजणे हा त्या मजुरांवर अन्याय होईल. तरीही कायदेकर्त्यांना जे उमगले ते ध्यानात घेण्यासारखे आहे: रक्कम तीच असली, तरी ती कुठे आणि कधी खर्चावी हे देणाऱ्याने ठरवले, तर घेणाऱ्याच्या हाती काही कमीच पडते.

मग अट घातलेले प्रत्येक देणे सदोष म्हणायचे काय? तसेही नाही. गरीब विद्यार्थी वार लावून जेवत, तेव्हा सोमवारचे जेवण सोमवारीच आणि त्याच घरी मिळे; ते साठवता येत नसे की विकता येत नसे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१३ साली भीमराव आंबेडकरांना कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी तीन वर्षांची शिष्यवृत्ती दिली, तीही शिक्षण संपल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याच्या करारावर. १९१७ साली ते नोकरीवर रुजू झाले. पण त्या नगरीत त्यांना राहण्यास जागा मिळू दिली गेली नाही आणि करार अपुरा राहिला. ती लाज समाजाची होती. अट मात्र दूषित नव्हती. तिच्यामागे देणाऱ्याचा जो हेतू होता, त्यात घेणाऱ्याचे वाढणे समाविष्ट होते. वाराच्या जेवणाचेही तेच. त्या घरची माउली विद्यार्थ्याने जास्त जेवावे म्हणून आग्रह करी, पण तो जास्त जेवल्याने तिच्या गल्ल्यात काही पडत नसे.

गीतेच्या सतराव्या अध्यायात दानाचे तीन प्रकार सांगितले आहेत आणि परतफेडीच्या अपेक्षेने दिलेल्या दानाला राजस म्हटले आहे. ही कसोटी इथे उपयोगी पडते. अट आहे की नाही, हे पाहू नये. अट कोणाच्या हिताकडे वळते, ते पाहावे. क्रेडिटची अट देणाऱ्याकडे वळते. तेव्हा ते दान नाही, देणगीही नाही. ती सवलत आहे, आणि सवलत म्हणून तिचा स्वीकार करण्यात काही गैर नाही. गैर आहे ते तिला भेट मानून तिचे ऋण फेडल्यासारखे खर्च करीत सुटणे.

व्यवहारात याचा अर्थ काय? जे पैसे आपण एरवीही देणारच होतो, त्यांकडे क्रेडिट वळवले, तर त्याचा पुन्हा खरा पैसा होतो. मोठ्या जहाजांवर सेवकवर्गाच्या बक्षिसीपोटी माणशी दररोज साधारण सोळा ते वीस डॉलर खात्यावर आपोआप चढतात. अनेक कंपन्यांच्या नियमांत क्रेडिट त्यांना लागू होते. सतरा डॉलर धरले, तर दोघांचे सात दिवसांचे २३८ डॉलर होतात. शंभराचे क्रेडिट तिथेच मुरते आणि तेवढीच रोकड खिशात राहते. या सेवकवर्गात आपल्या गोव्याचे तारवटी पिढ्यान्‌पिढ्या आहेत. ‘फुकट’ पैशाचे शेवटी कोणाच्या श्रमात रूपांतर होते, याची आठवण त्यामुळे राहते. आणि एवढे करूनही काही उरलेच, तर ते अखेरच्या रात्री खुशाल नाहीसे होऊ द्यावे. न लागणाऱ्या टोपीवर आणि अत्तरावर ते उधळण्यापेक्षा ते बरे. जे कधी पूर्णपणे आपले नव्हते, ते गेल्याचे सुतक कशाला?

हा प्रश्न जहाजावरच संपत नाही, म्हणून तो या पानांत मांडावासा वाटला. आपण घराघरांतून जे देतो त्यात या क्रेडिटचा अंश किती, हेही तपासण्यासारखे आहे. लग्नातला आहेर वहीत टिपून ठेवायचा, तो फेडला जाईल या हिशेबाने. मुलाला पैसे द्यायचे, पण त्याने कोणते शिक्षण घ्यावे याची अट गृहीत धरून. आईवडिलांना परदेशवारी घडवायची आणि त्यांना तिथे बसून राहावेसे वाटले, तर ‘एवढा खर्च केला, निदान बघा तरी’ म्हणून रुसायचे. ही सारी प्रेमाचीच देणी आहेत. परंतु त्यांतही घेणाऱ्याचा ‘पुरे’ हा शब्द आपण नकळत महाग करून ठेवतो. वृद्ध वडील जहाजाच्या कठड्याशी नुसते समुद्र पाहत बसले आणि त्यांच्या खात्यावरचे क्रेडिट जसेच्या तसे राहिले, तर कंपनीच्या हिशेबात ती सेवा न वापरलेली ठरेल. मुलाच्या हिशेबात ती तशी ठरू नये. घेणाऱ्याने ते वापरले नाही, तरी ज्याला आपले देणे पोचल्यासारखे वाटते, त्यानेच ते खरोखर दिलेले असते.