ताजी भाजी कुणाच्या हातची?

वसईच्या वाडीत वाढलेल्या माणसाला ताजी भाजी म्हणजे काय हे शिकवावे लागत नाही. सकाळी खुडलेली कारली, दुधी, वांगी घेऊन आमच्या आया पहाटेच्या गाडीने दादरला जात. त्यामुळे कॅनडात आल्यावर पहिला हिवाळा आम्हाला जड गेला. दुरून आलेली, प्लास्टिकमधली भाजी दिसायला देखणी, पण शिजवली की चवच नाही. मग जुलै उजाडला आणि टोरांटोच्या उत्तरेकडील हॉलंड मार्शमधली गाजरे आणि कांदे हाती आले. १९३०च्या सुमारास दलदल उपसून लागवडीखाली आणलेली ही काळी जमीन. पाल्यासकट आणलेले गाजर आम्ही गाडीतच, नीट न धुता खाल्ले!

भाजीच्या ठेल्यावर 'इथलीच भाजी' असा फलक होता. पेट्या उतरवणाऱ्या माणसाला आम्ही सहज विचारले, "तुमचं घर इथं जवळच का?" तो हसला. घर जमैकात, दोन मुली शाळेत.

जमैकातून शेतमजूर आणण्याची कॅनडाची योजना १९६६ सालची. १९७४ पासून मेक्सिकोतूनही माणसे येतात. वर्षाला जास्तीत जास्त आठ महिने काम, मग परत. बायकोमुलांना सोबत आणायची सोय नाही आणि वीस वर्षे आले तरी केवळ या योजनेतून कायमचे राहण्याचा हक्क मिळत नाही. आम्हीही परदेशी, तोही परदेशी. आमच्या हातांना संगणक येतो म्हणून आम्ही सहकुटुंब आलो. त्याच्या हातांना गाजर उपटता येते, म्हणून तो एकटा.

मग भाजी घेणे सोडावे? तसे केले तर त्याचीच मजुरी बुडेल. मिस्सात भाकर अर्पण करताना आपण मानवी श्रमांचीही आठवण करतो, पण ते श्रम कुणाचे हे आम्ही कधी मनात आणले नव्हते. ज्याच्या श्रमावर आपले ताट भरते, त्याला आपल्या शेजारी राहता येऊ नये, हे आम्हाला न्याय्य वाटत नाही. इथे मत देता येते, तेव्हा हे बोलणे आमचे काम आहे.

मात्र बोट दाखवताना वसईचीही आठवण येते. आमच्या वाडीत खुरपणीला आदिवासी बाया येत. त्यांची भाकरी विहिरीच्या काठावर, आमची ओटीवर. परवा फोनवर आईला त्यांची नावे विचारली. ती बराच वेळ गप्प राहिली. तिला एकच आठवले, तेही अर्धे.