निरुपयोगी लहरी

कोणत्याही कामाची किंमत ठरविण्याचे जे माप आपण सुशिक्षित लोक नित्य वापरतो ते बहुधा एकच असते, ते म्हणजे "याचा उपयोग काय?" हे. हे माप वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. दाणागोटा, औषधपाणी, मुलांची शिक्षणे या संसारातल्या गोष्टी त्याच मापाने मोजाव्या लागतात, आणि ज्या घरातून ते माप नाहीसे होते त्या घरी सावकाराचे येणेजाणे लवकरच सुरू होते. परंतु हे माप सर्वत्र चालते काय, आणि जेथे ते चालत नाही तेथे दुसरे कोणते लावावे, हा प्रश्न दिसतो तितका सोपा नाही. आमच्यापुरता तर तो केवळ वादाचाही विषय नाही. आम्ही तो एकदा आमच्या तीर्थरूपांस विचारला होता. त्यांनी त्याचे उत्तर दिले नाही, आणि आता उत्तर देण्यास ते राहिले नाहीत.

तीर्थरूप साताऱ्यास शाळेत गणित शिकवीत. रात्रीची जेवणे आटोपली की ते माजघरालगतच्या अडगळीच्या खोलीत बसून बिनतारी यंत्रे तयार करीत. दुसऱ्या महायुद्धानंतर लष्कराने मोडीत काढलेले सामान मुंबईच्या बाजारात पुष्कळ वर्षे मिळत असे. सुटीत तेथे जाऊन ते व्हॉल्व्ह, कंडेन्सर, ट्रान्सफॉर्मर असे काय काय पिशवीत भरून आणीत. पत्र्याला भोके पाडून, तारांची वेटोळी हाताने गुंडाळून, एकेका सांध्यास डाख देऊन त्यांनी एक ग्रहणयंत्र व एक प्रक्षेपणयंत्र उभे केले होते, आणि सरकारी परीक्षा देऊन परवानाही मिळविला होता. १९८३ साली, आम्ही नववीत असताना, मामांनी आम्हांस एक लहानसा ट्रान्झिस्टर आणून दिला. कळ फिरविताच पुणे केंद्र खणखणीत बोलू लागले. तो वडिलांपुढे धरून आम्ही म्हणालो, "अण्णा, एवढ्याशा पैशात असला रेडिओ बाजारात मिळतो. मग हा सारा खटाटोप कशाला?" ते रागावले नाहीत, हसलेही नाहीत. ट्रान्झिस्टर हातात घेऊन त्यांनी उलटसुलट करून पाहिला, व आमचा आम्हांस परत दिला.

ज्या वाचकांस या छंदाचा परिचय नाही त्यांच्यासाठी थोडे सांगणे अवश्य आहे. रेडिओच्या लहरी ही सर्व राष्ट्रांची सामाईक मालमत्ता असल्यामुळे कोणी कोठे बोलावे याची वाटणी आंतरराष्ट्रीय करारांनी झालेली आहे. जहाजे, विमाने, सैन्य, नभोवाणी यांचे पट्टे जसे राखलेले आहेत तसेच काही पट्टे हौशी लोकांसाठी राखलेले आहेत. या हौशी मनुष्याची जी व्याख्या कायद्यात आहे ती ध्यानात धरण्याजोगी आहे. द्रव्यलाभाचा हेतू मनात न धरता, केवळ स्वतःच्या आवडीने बिनतारी तंत्राचा अभ्यास करणारा तो हौशी. एखाद्या मनुष्याला त्याच्या निर्लोभतेवरून हक्क देणारी कलमे कायद्याच्या ग्रंथांत फार थोडी असतील. हे त्यांपैकी एक होय.

आता पूर्वपक्ष मांडू, आणि तो कमजोर करून मांडणार नाही. पहिला आक्षेप असा की, कारखान्यात जी वस्तू अधिक चांगली व अधिक स्वस्त होते ती घरी करीत बसणे हा वेळेचा अपव्यय आहे. दुसरा असा की, या लोकांच्या बोलण्यात अर्थ तो काय असतो? "तुमचा आवाज कसा येतो, आमचा कसा येतो, तुमच्याकडे हवा कशी आहे," एवढेच बोलावयाचे, आणि भेटीची खूण म्हणून टपालाने एकमेकांस एकेक कार्ड पाठवावयाचे. तिसरा आक्षेप आमच्या मातोश्रींचा आहे, आणि तो सर्वांत कठीण आहे. त्या शेजारणीस एकदा म्हणाल्या होत्या, "यांना साऱ्या जगाची हाक ऐकू येते, तेवढी माझी येत नाही."

पहिल्या आक्षेपास इतिहास एक उत्तर देतो, व ते मोठे मनोरंजक आहे. १९१२ च्या एप्रिलात टायटॅनिक बुडाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टात अमेरिकेने बिनतारी संदेशांविषयी कायदा केला, आणि हौशी लोकांस २०० मीटर व त्याहून आखूड लहरींत बसविले. त्या काळच्या जाणत्यांची समजूत अशी होती की, लहर जितकी लांब तितकी ती दूर जाते. मोठमोठ्या कंपन्या हजारो मीटर लांबीच्या लहरींसाठी प्रचंड मनोरे उभारीत होत्या. आखूड लहरी निरुपयोगी होत्या, म्हणूनच त्या पोरासोरांच्या पदरात टाकण्यात आल्या. गावाबाहेरची खडकाळ जमीन ज्याला कोणी नाही त्याला द्यावी, तसाच हा प्रकार झाला.

परंतु खडकात पाणी निघाले. १९२१ च्या डिसेंबरात अमेरिकेतील हौशी लोकांच्या संघाने पॉल गॉडली नावाच्या आपल्या सभासदास स्कॉटलंडमध्ये आर्ड्रॉसन येथे पाठविले. समुद्रकाठच्या थंडीवाऱ्यात तंबू ठोकून तो रात्ररात्र कान लावून बसला, आणि अटलांटिकपलीकडच्या अनेक हौशी केंद्रांचे संकेत त्याच्या कानी आले. १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथून लेऑं देलॉय याने सुमारे १०० मीटरच्या लहरीवर अमेरिकेतील फ्रेड श्नेल याच्याशी दुतर्फा संभाषण केले. त्यानंतर वर्ष उलटण्यापूर्वीच, १९२४ च्या ऑक्टोबरात, न्यूझीलंडमधील फ्रँक बेल याने आपल्या कुरणावरून पाठविलेली हाक लंडनजवळच्या मिल हिल शाळेतील सेसिल गॉयडर या अठरा वर्षांच्या विद्यार्थ्याने ऐकली व तिला उत्तर दिले. म्हणजे पृथ्वीच्या एका टोकाने दुसऱ्या टोकाशी बोलणे केले, आणि तेही एका शाळकरी मुलाच्या यंत्रावरून. वातावरणाच्या वरच्या भागात विजेने भारलेले थर आहेत, व आखूड लहरी तेथून वळून पुन्हा भूमीकडे येतात, हे त्याचे कारण. असा थर असावा असे तर्काने १९०२ सालीच सुचविण्यात आले होते. ॲपलटनने तो प्रयोगाने सिद्ध केला तो १९२४ च्या अखेरीस. मग कंपन्यांचे व सरकारांचे लक्ष या ओसाड जमिनीकडे वळले, हे सांगावयास नकोच. आणखी एक गोष्ट आपल्या घरची आहे. तो शाळकरी गॉयडर पुढे १९३६ साली ऑल इंडिया रेडिओचा मुख्य अभियंता म्हणून हिंदुस्थानात आला, व येथील आखूड लहरींच्या केंद्रांची उभारणी त्याच्या देखरेखीखाली झाली. आपल्या आजोबांनी गावच्या चावडीवर ज्या बातम्या ऐकल्या असतील त्यांच्या मुळाशी एका मुलाचा निरुपयोगी नाद होता.

हे उत्तर ऐकून हौशी मंडळी खूष होतात. आम्ही मात्र त्यावर समाधान मानू शकत नाही. ज्यांनी असे काही शोधून काढले ते मोजके. बाकीचे हजारो आयुष्यभर यंत्रे जोडीत बसले व त्यांच्या हातून जगाच्या ज्ञानात गुंजभर भर पडली नाही. आमचे वडील या हजारोंपैकीच होते. हौस ही कधीकाळी उपयोगी पडते म्हणून चांगली, असे म्हटले तर ती एक प्रकारची सोडतच ठरते. ज्याचा आकडा लागला तो शहाणा व इतर सारे वेडे. शिवाय असे म्हणताना आपण तेच जुने माप पुन्हा हाती घेतो, फक्त दोरी थोडी लांब सोडतो.

म्हणून दुसरे उत्तर पाहू. हाताने यंत्र करणाऱ्याच्या मनास एक शिस्त लागते. माणसांपुढे चातुर्य चालते. प्राध्यापकाच्या धंद्यात तर ते फारच चालते. विद्युत्प्रवाहापुढे ते चालत नाही. सांधा कच्चा असेल तर यंत्र बोलत नाही, मग सांधणाऱ्याची विद्वत्ता कितीही असो. व्हॉल्व्हच्या यंत्रात शेकडो व्होल्टचा दाब असतो, आणि यंत्र बंद केल्यावरही कंडेन्सरमध्ये विजेचा साठा काही काळ राहतो. म्हणून चालू यंत्रात हात घालताना दुसरा हात खिशात ठेवावा, म्हणजे प्रवाहाला छातीतून पलीकडे जाण्यास वाट मिळत नाही, असा या लोकांत जुना दंडक आहे. वडील तो कधी मोडीत नसत. ज्या वस्तूंवर आपले जीवन चालते त्या आतून कशा आहेत हे जाणणे व आपल्या चुकीचे प्रायश्चित्त आपणच घेणे, ही सवय पैसे देऊन मिळणाऱ्या वस्तूबरोबर येत नाही. आम्ही तो ट्रान्झिस्टर वडिलांपुढे धरला तेव्हा त्याच्यात काय आहे हे त्या खोलीत त्यांनाच ठाऊक होते. आम्ही केवळ त्याचे मालक होतो.

दुसऱ्या आक्षेपाचेही येथेच निरसन होते. या मंडळींच्या बोलण्यात विषय नसतो हे खरे. पण बोलण्यापूर्वी ती लहर मोकळी आहे की नाही हे ऐकून घ्यावयाचे, दुसऱ्याच्या संभाषणात घुसावयाचे नाही, क्षीण हाकेसाठी मोठ्या आवाजाने थांबावयाचे, हे त्यांचे शिष्टाचार आहेत. ज्याच्याशी कसलेही काम नाही, ज्याला आपण उभ्या जन्मात पाहणार नाही, अशा मनुष्याचे ऐकण्यासाठी इतके कष्ट घेणे हे आजच्या काळात थोडके नव्हे. अशा सवयीची परीक्षा कधीतरी होते. २००४ च्या डिसेंबरात हौशी लोकांचे एक पथक आपल्या छंदासाठीच अंदमानात गेले होते. २६ तारखेस समुद्र चालून आला, दळणवळणाची नेहमीची साधने कोलमडली, तेव्हा त्यांच्या यंत्रांवरून पोर्ट ब्लेअरचे निरोप मुख्य भूमीस पोहोचू लागले.

तथापि येथेही अतिशयोक्ती करणे बरे नव्हे. कौशल्य म्हणजे सद्गुण नव्हे. १९४२ च्या ऑगस्टात उषा मेहता व त्यांचे तरुण सहकारी यांनी मुंबईत गुप्त काँग्रेस रेडिओ ४२.३४ मीटरवर सुरू केला, व जागा बदलीत बदलीत तो १२ नोव्हेंबरपर्यंत चालविला. त्यांना यंत्र उभारून देणारा मनुष्य मुंबईतील बिनतारी तंत्राचा जाणताच होता. आणि पकडला गेल्यावर माफीचा साक्षीदार झाला तोही तोच. त्याच्या हातातील कला दोन्ही वेळी सारखीच होती. धैर्य दाखविले ते ज्या मुलीला डाख देता येत होता की नाही हे कोणी विचारले नाही, तिने. तेव्हा हौस मनुष्यास चांगला करतेच असे नाही. चांगले होण्याचा सराव विनावेतन करण्याची ती एक जागा आहे, एवढेच प्रामाणिकपणे म्हणता येईल.

राहिला मातोश्रींचा आक्षेप. त्याला आम्हांस उत्तर सापडले नाही. मराठीत ध्वनीलाही नाद म्हणतात व वेडालाही नाद म्हणतात. लहर पाण्याची असते तशी माणसाचीही असते. भाषेने ही जोड उगाच घातलेली नाही. न्यूझीलंडची हाक ऐकण्यात नवल आहे, स्वयंपाकघरातल्या हाकेत नवल नाही, म्हणून पहिलीस कान द्यावा व दुसरीस न द्यावा हे न्यायाचे नव्हे. हौशी मनुष्य द्रव्यलाभ इच्छीत नाही असे कायदा म्हणतो. पण द्रव्यहानी कोणी सोसावी याविषयी कायद्यात चकार शब्द नाही. निर्लोभता ही स्वतःच्या पैशावरच शोभते.

गेल्या वर्षी घर आवरताना ती दोन यंत्रे माळ्यावरून खाली काढली. भंगारवाला दाराशी आला होता. मातोश्री आता ऐंशीच्या घरात आहेत व त्यांस कमी ऐकू येते. आम्ही त्यांच्या कानाशी जाऊन विचारले की, हे देऊन टाकावयाचे ना? त्यांनी यंत्राच्या पत्र्यावर हात ठेवला व म्हणाल्या, "ते नका देऊ. त्यात माझ्या दोन पाटल्या आहेत." आम्हांस हे ठाऊक नव्हते. पाटल्या त्यांनी मागितल्यावर दिल्या की आपण होऊन, हे आम्ही विचारले. त्यांनी ऐकले नाही, किंवा ऐकून उत्तर दिले नाही. आमच्या घरात ही रीत जुनी दिसते.

चाळीस वर्षांपूर्वीच्या आमच्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आज असे देतो. विकत मिळणारी वस्तू घरी करण्यात शहाणपण आहे, कारण केलेली वस्तू आपल्याला ओळखू येते, विकत घेतलेली येत नाही. परंतु त्या शहाणपणाची किंमत कोणी दिली हे जो विचारीत नाही त्याने आपल्या हौसेचा हिशेब अर्धाच लिहिला. वडिलांनी तो पुरा लिहिला होता की नाही हे आता कळण्याचा मार्ग नाही. आम्ही ते ग्रहणयंत्र सध्या दुरुस्तीस घेतले आहे; वाळून गेलेले कंडेन्सर एकेक करून बदलतो आहोत, एक हात खिशात ठेवून. खोलीचे दार मात्र उघडे ठेवतो. आत माजघरातून कोणी हाक मारली तर ती ऐकू यावी, एवढ्यासाठी.