लाल स्प्रिंगा

धारूरच्या एका पोराने पुण्याहून सेकंडहँड पोलो जीटी आणली. इंजिन झकास, पण घाटात जरा दाबली की गाडी एका अंगावर कलायची. मित्रांनी निदान केलं: सस्पेन्शन मऊ आहे. मित्रांकडे निदानाला तोटा नसतो. त्याने ऑनलाइन लाल स्प्रिंगा मागवल्या, बुटक्या आणि कडक. त्या बसवून टायरांतही ठासून हवा भरली. गाडी दोन बोटं खाली बसली. चौकातली माणसं वळून बघू लागली.

तेलगावकडे धारूर घाट उतरताना, उसाच्या ट्रॅक्टरांनी उखणलेल्या एका वळणावर मागची चाकं टणकन उडाली आणि गाडी दरीकडे सरकली. थोडक्यात निभावलं.

गॅरेजवाल्या चाचांनी गाडी जॅकवर घेतली. लाल स्प्रिंगांना हातही लावला नाही. लोअर आर्मच्या बुशात टॉमी घालून हलकेच दाबली, तर फाटलेल्या रबरातून आर्म बोटभर सरकला.

"ब्रेक मारला की चाकच जागा सोडतंय, बेटा. कडक करून काय होणार?"

मग मागचा शॉकअप काढला. तेलाने माखलेला. हाताने दाबला तसा काही न कुरकुरता खाली गेला, आणि तिथेच राहिला.

"स्प्रिंग धक्का झेलते आणि परत फेकते. ती उसळी यानं मारायची. हा तर मेलाय, आणि तू याच्या जोडीला अजून जोराची स्प्रिंग दिलीस. गुळगुळीत ट्रॅकवर चालेलही. इथं चाक खड्ड्यात उतरलंच नाही, तर रस्ता धरणार कसं?"

नवे बुश पडले, चारही शॉकअप बदलले, जुन्याच स्प्रिंगा परत चढल्या, हवा छापील आकड्यावर आली. अंबाजोगाईला जाऊन अलाइनमेंट झालं. खर्च बराच झाला आणि बाहेरून काहीच दिसेना, हे पोराला सलत होतं.

ते सलणं त्याच वळणापर्यंत टिकलं. चाक खड्ड्यात गेलं, वर आलं, स्टिअरिंग हातात होतं तसंच राहिलं. गाडी थोडी कललीही, पण रस्ता सोडला नाही. खाली तेलगावला पोचेपर्यंत आपण दात आवळलेले नाहीत, हे त्याच्या ध्यानात आलं.

संध्याकाळी मित्रांनी चाकाशी वाकून पाहिलं.

"लाल स्प्रिंगा विकल्या काय रे? पैशाची अडचण?"

"हो," तो म्हणाला, आणि सगळ्यांच्या चहाचे पैसे देऊन टाकले.